टीप सगळ्यांदेखत द्यावी की गुपचूप?

कट्टेकरी: परवा रात्री यूट्यूबवर डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) लाइव्ह बघत होतो, गवळण एवढी रंगली की न राहवून 100 रुपयांचा सुपर चॅट (पैसे भरून लाइव्हमध्ये सगळ्यांना दिसणारा मेसेज) टाकला, तर बुवांनी मध्येच थांबून माझं नाव गावासकट पुकारलं (गाव मीच मेसेजात लिहिलेलं, चूक माझीच) आणि दहा मिनिटांत काकांचा फोन, "पैशे जास्ती झाले काय रे तुका?" आता ठरवलंय, या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही.

मालवणी मसाला: अहो बक्षीस जाहीरच असतं. मंडपात कुणी 51 दिले की बुवा माईकवर नाव घेतात, पखवाजवाला एक जोरात थाप हाणतो आणि तेवढ्यात मागच्या रांगेतला कोणीतरी 101 घेऊन उठतो. गुपचूप खिशात कोंबलेत तर तो उठेल का? लाइव्हला पण तसंच, वर रंगीत पट्टी दिसली की दुसऱ्याचा हात सुटतो.

हिशोबी: हात सुटतो खरा, पण 100 मधले 30 यूट्यूब ठेवतं, बुवांना साधारण 70, ते पण लगेच नाही. मंडपात आयोजकाने असे 30 टक्के कापले असते तर बारी राहिली बाजूला, हाणामारी झाली असती! सरळ क्यूआर स्कॅन करा, 100 चे 100 पोचतात, कुणाला कळत पण नाही.

तिखट_पोहे: यूपीआय म्हणजे गुपचूप हे कुणी सांगितलं? घेणाऱ्याला बँकेतलं खरं नाव दिसतं, आयडीत मोबाइल नंबर असेल तर तोही. एका रांगोळीच्या चॅनलला मी 50 पाठवले, तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल येतंय. ट्विटरने 2021 मध्ये टिप जार (अकाउंटवाल्याला टीप द्यायची सोय) आणलं तेव्हा पण पेपालवरून टीप दिली की देणाऱ्याचा घरचा पत्ता समोरच्याकडे जाऊ शकतो असं निघालं, केवढी बोंब झाली होती. त्यापेक्षा सुपर चॅट बरा, चॅनलला टोपणनाव ठेवलं की झालं.

कट्टेकरी: हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे चारचौघांत दिलेलंच जास्त गुपचूप 😅

हिशोबी: हो, 30 रुपये मोजून.

मालवणी मसाला: टोपणनावाने बक्षीस? बुवा काय पुकारणार, "कट्टेकरी यांजकडून"? गणपतीत भांडुपला बारीला या, हातात द्या, एक पैसा कापणार नाहीत. नाव मात्र घेणार.