फुलाचं वर्णन करायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

मुक्कामपोस्ट:
मंडळी, मी कॉमर्सवाला. पावसाळ्यात किल्ल्यांवर भटकतो, फुलांचे फोटो काढतो आणि घरी आलो की ग्रुपवर टाकतो, "हे पिवळं फूल कुठलं?" मग जाणकार उलटतपासणी घेतात: पानं समोरासमोर होती का? उपपर्णं होती का? निदलपुंज जोडलेला की सुटा? इथे माझी बोलती बंद. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग (फुलाचे बाहेरून आत चार थर) हे शाळेत घोकलं होतं, पण ते आकृतीला नावं द्या या दोन मार्कांपुरतं. इंग्रजी पुस्तक उघडलं तर नुसत्या पानाच्या आकाराला ओव्हेट, ऑबोव्हेट, लॅन्सिओलेट... मिटून ठेवलं. वेळ फक्त रविवारचा. काय वाचू, काय विकत घेऊ?

केसरिया:
सध्या काहीच वाचू नका. सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या, एक नवं ब्लेड घ्या आणि दारातली जास्वंद तोडा. लाल, साधी, पाच पाकळ्यांची. डबल जास्वंद घेऊ नका, तिच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि सगळा हिशोब बिघडतो.

बाहेरून आत या. सगळ्यात खाली बारीक हिरव्या पट्ट्यांचं एक कडं दिसेल. तो निदलपुंज नव्हे. त्याच्या आतला पाच टोकांचा हिरवा पेला, तो निदलपुंज. टोकं सुटी, बूड जोडलेलं, म्हणजे 'संयुक्त निदली'. आता कळी घेऊन पाकळ्या पाहा. प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. मधला दांडा उभा चिरा. ती पोकळ नळी आहे, पुंकेसरांचे तंतू एकमेकांना चिकटून झालेली, आणि तिच्या आतून कुक्षीवृंत (अंडाशयावरची बारीक दांडी) वर जाऊन पाच लाल मखमली गोंड्यांत संपतो. शेवटी अंडाशय आडवा कापा: पाच कप्पे, बीजांडं मधल्या खांबाला लागलेली. हे एकदा हाताने केलंत की भेंडी आणि कापसाचं फूल ओळखायला कुणाला विचारावं लागणार नाही. तिन्ही एकाच कुळातली.

पुढच्या रविवारी धोतरा. पाकळ्या जोडून कर्णा झालेला, आणि पुंकेसर त्या कर्ण्यालाच आतून चिकटलेले. मग तुळस, मग झिनिया. झिनियाचं 'एक फूल' भिंगाखाली फोडलंत की आत डझनावारी फुलं निघतात.

पानफुटी:
केसरियादादा, जास्वंद छान, पण माझं मत वेगळं. फूल वर्षातून दोन आठवडे, पान बाराही महिने. पानापासून सुरुवात करावी.

पहिला प्रश्न: पान कुठे सुरू होतं? कडुनिंबाची ती करवतकाठी 'पानं' खरं तर पर्णिका. बगलेत कळी किंवा डोळा शोधायचा. तो पूर्ण दांडीच्या बुडाशीच असतो, पर्णिकेच्या बुडाशी कधीच नाही. म्हणजे ती अख्खी दांडी हे एक संयुक्त पान. दुसरा प्रश्न: पानं एकांतरित (एकाआड एक) की संमुख (समोरासमोर)? तिसरा, जो सगळे विसरतात: उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी फुटणारी छोटी पानासारखी अंगं. पानं समोरासमोर आणि दोन देठांच्या मधोमध खोडावर छोटं त्रिकोणी उपपर्ण दिसलं, तर कदंबाच्या कुळाकडे बघायचं. अनंत, एक्झोरा, भुतकेस सगळी तिथलीच. चौथा, चीक आहे का? रुईला पानं संमुख, पण उपपर्णं नाहीत आणि चीक भळाभळा. (चिकाचा हात डोळ्याला लावू नका.)

आकाराचे शब्द शेवटी. अंडाकृती म्हणजे देठाकडे रुंद, व्यस्त अंडाकृती म्हणजे टोकाकडे रुंद, भालाकृती म्हणजे लांबट निमुळतं. एवढ्यावर वर्षभर निभतं.

कोकणकडा:
भुतकेसाचं नाव निघालंच आहे तर: त्याचं ते पांढरं 'पान' ना पान ना पाकळी. पाच निदलांपैकी एकच वाढून पांढरं झालेलं असतं. खरं फूल म्हणजे शेजारची केशरी चांदणी. बोगनवेलीत रंगीत दिसतात ती छदं (फुलाजवळची बदललेली पानं), आणि आमच्या शेवळांत अख्खी तपकिरी गुंडाळी हे एक छद. आई भाजी साफ करताना आतला पिवळा दाणेदार भाग खाजतो म्हणून काढून टाकते, तीच खरी फुलं. तेव्हा 'रंगीत म्हणजे पाकळी' हे डोक्यातून काढा.

मुक्कामपोस्ट:
भारी! पण शब्द कुठले वापरू? विश्वकोशात 'संवर्त' आणि 'किंजपुट' दिसतं, शाळेत 'निदलपुंज' आणि 'अंडाशय' होतं.

केसरिया:
दोन्ही चालतात, वहीत शेजारी शेजारी लिहा. भाषा संचालनालयाचा वनस्पतिशास्त्र परिभाषा कोश अडल्यावर उघडायला चांगला. सलग वाचायला गेलात तर पुन्हा झोप. आणि इंग्रजी शब्दही सोडू नका. थिओडोर कुक या वनस्पतिशास्त्रज्ञाची मुंबई इलाख्याची फ्लोरा (तिथल्या वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ) १९०१ ते १९०८ मधली, तरी आजही तीच उघडावी लागते, आणि तिच्यात मराठी फक्त झाडांच्या नावांपुरतं.

भटकभवानी:
फोटोवाल्यांना एक विनंती. समोरून एकच क्लोजअप टाकू नका. फूल बाजूने, फूल मागून, पान खोडाला कुठे जोडलंय ते, पानाची खालची बाजू, आणि मापाला शेजारी बोट. कासला किंवा कुठल्याही राखीव पठारावर तोडातोडी बंद. ब्लेड घरच्या जास्वंदीसाठी. आणि पहिल्या वर्षी गवतांच्या वाटेला जाऊ नका, तिथे भलेभले घसरतात.

मुक्कामपोस्ट:
जमतंय का बघा. गेल्या रविवारी तुंग किल्ल्याच्या वाटेवर, ओल्या गवतात. गुडघ्याच्या खाली. पानं एकांतरित, संयुक्त, पर्णिका जोडीजोडीने, टोकाला एकटी पर्णिका नाही. बुडाशी उपपर्णं आहेत (पाहिली!). फूल पिवळं, वाटाण्यासारखं: वर ध्वज, दोन बाजूंना पंख, मध्ये होडीसारखा नौतल. ध्वजाच्या बुडाशी दोन तांबडे ठिपके. एका वाळक्या फुलात निदलपुंज तसाच होता, त्याच्या आत शेंग घडी घालून बसली होती, मण्यामण्यांची.

पानफुटी:
कवला! त्या शेवटच्या ओळीने शंकाच ठेवली नाही. निदलपुंजाच्या आत घडी घातलेली शेंग ही या प्रजातीची (इंग्रजीत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) खूणगाठ. पुढच्या खेपेला पडलेलं फूल मिळालं तर पुंकेसर मोजा: वाटाण्यात नऊ जोडलेले आणि एक सुटा, कवल्यात पाच-पाचचे दोन जुडगे.

कोकणकडा:
याच्या एका भाईबंदाची कोवळी पानं आमच्याकडे भाजीला. कांदा घालून, मस्त.

केसरिया:
प्रजाती झाली, जात (स्पीशीज) राहिली. निदलपुंजावर राठ केस आहेत का गुळगुळीत आहे? मागून काढलेला फोटो असेल तर टाका.