प्रवासखर्च मंजूर झालाय, पण तिकीट कशानं काढू?

तीनथेंब

मंडळी, हत्तीरोगावर पीएचडी, चौथं वर्ष. चंद्रपूर जिल्ह्यात रात्रीचे रक्तनमुने घेते. हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं दिवसा फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात, रात्री बोटाच्या रक्तात येतात, म्हणून आम्ही नऊनंतर गावात शिरतो. एका आजोबांनी बोट पुढे करत विचारलं, "दिवसा काहून नाही येत बाप्पा? रातच्यानं चोरावानी येता." तीन थेंब काचेवर, मग जेएसबी नावाचा रंग, मग मायक्रोस्कोप. कितीतरी कोऱ्या काचा झाल्यावर एखादीवर निळसर दोरा दिसला की आख्खी लॅब वाकून बघते.

याच कामाचं पोस्टर युरोपातल्या एका परिषदेत घेतलंय. पॅसिफिकमधल्या सामोआत 2018 साली सगळ्यांना हत्तीरोगाच्या तीन औषधांच्या गोळ्या देण्याची फेरी झाली, आमच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात 2019 साली. परिषदेत येणाऱ्या सामोआवाल्यांना मला एकच विचारायचंय: दर फेरीला गोळ्या चुकवणारे पुरुष तुम्ही गाठता कसे?

अनुदान मंजूर आहे, पण पैसे मिळणार मी प्रवासाहून परत आल्यावर, बिलं दिली की. तिकीट 78,000, नोंदणी 350 युरो, व्हिसा 90 युरो, राहणं वेगळं. फेलोशिप 42,000, तीही तीन महिने अडकलेली. बाबा म्हणतात पतपेढीतून कर्ज काढतो. ते मला नकोय. गाईड म्हणतात, पीडीएफ पाठवून दे, झालं. आधी पैसे हातात पडलेत असं कुणी आहे का इथे?

पाटण्याची_सांगलीकर

पहिल्यांदा अभिनंदन गं. मी काळा आजारवाली. आमची जागतिक परिषद वर्ल्डलीश 2009 साली लखनौला भरली तेव्हा रेल्वेच्या तिकिटात जगभरची माणसं भेटली. तीच 2017 साली स्पेनमध्ये तोलेदोला, तर महिनाभर मी फक्त उसनवारी करत होते.

तू संस्थेकडे अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, माग. प्रवासासाठी अग्रिम देणं यात नवीन काही नाही, साहेबलोक दौऱ्याला जाताना घेतातच. विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही, एवढंच. मंजुरीपत्र जोड, गाईडची सही घे, लेखा विभागात स्वतः जाऊन दे आणि पोच घे. "विद्यार्थ्याच्या नावावर निघत नाही" म्हणाले तर गाईडच्या नावावर निघेल का विचार. माझा तसाच निघाला होता. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण निघाला.

आणि आयोजकांना आजच मेल टाक. रडगाणं नको. प्रवास मंजूर आहे, नोंदणीचे 350 युरो तेवढे अडलेत, माफ होतील का, इतकंच लिही. नेमका आकडा दिला की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं.

जुनाखर्डा

हे वाचून माझी जखम ओली झाली. सरकारी पैशातलं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स नाहीतर आयआरसीटीसीकडूनच काढायचं. मी चार हजार वाचवायला दुसऱ्याच साइटवरून काढलं, सात महिने फाईल फिरत होती. बोर्डिंग पासचा लगेच फोटो काढ, त्याची शाई उडते. आणि पोस्टर कापडावर छाप, घडी घालून बॅगेत बसतं. ती लांब नळी घेऊन विमानात चढताना हुज्जत घालावी लागते.

स्पष्टबोल्या

आधी देशातली परजीवी रोगांची परिषद, ट्रोपाकॉन, कर की. युरोपच कशाला?

तीनथेंब

@स्पष्टबोल्या, केली. तिथे सामोआवाले नव्हते.

@पाटण्याची_सांगलीकर, ताई, अग्रिमाचा अर्ज दिला. लेखा विभागातले काका म्हणाले, विद्यार्थ्यांसाठी नमुना नाही, तूच टाईप करून आण. केला. गाईडनी सही करताना तीनदा विचारलं, "हे माझ्या पगारातून तर नाही ना कापणार?" आयोजकांनी निम्मी नोंदणी माफ केली. अग्रिम अजून टेबलावरच आहे, सोमवारी पुन्हा जाते. बाबांना पतपेढीत जाऊ नका म्हणून सांगितलंय.

आता निघते, आज रात्री परत त्याच गावात. आजोबांच्या मुलाचं बोट अजून मिळालेलं नाही, आम्ही आलो की तो मागच्या दारानं शेतात जातो.