निर्बंध, नियंत्रण की नियमन? (अँटिबायोटिक्सबद्दल)

डॉक्टरांनी अँटिबायोटिक कधी लिहायचं, किती दिवसांचं लिहायचं याचे नियम असतात ना, त्याला मराठीत नक्की काय म्हणायचं? कुठे 'निर्बंध' वाचलं, कुठे 'नियंत्रण', कुठे 'नियमन'. तिन्ही एकच का?

---

एकच नाहीत हो. कोलिस्टिनसारखं शेवटचं हत्यार लिहायचं तर आधी इन्फेक्शनच्या तज्ज्ञाची परवानगी घ्या, हा निर्बंध. नियमन त्याच्यापेक्षा बरंच मोठं. पहिल्या डोसआधी शक्य असेल तर कल्चर (रक्त, लघवी वगैरेत कोणते जिवाणू वाढतात ती तपासणी) पाठवायचं, ४८ ते ७२ तासांनी रिपोर्ट आणि पेशंट दोन्ही बघून ठरवायचं की औषध चालू ठेवायचं, बदलून साधं औषध द्यायचं की सरळ बंद करायचं, औषध कशासाठी दिलंय ते केसपेपरवर लिहायचं आणि नंतर कुणीतरी ते तपासायचं, हे सगळं त्यात येतं. नुसतं 'निर्बंध' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं पेशंटचं औषध अडवतायत, आणि हे मला फार खटकतं, कारण सेप्टिक शॉकमध्ये (इन्फेक्शनमुळे रक्तदाब धोकादायक खाली जातो तेव्हा) पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे हेही त्याच नियमांत असतं. नियंत्रण चालेल, पण त्यात वरून धाक असल्यासारखं वाटतं. माझं मत नियमन.

---

नियमनला +१. अँटिबायोटिकला मराठीत 'प्रतिजैविक' म्हणतात, त्याबद्दल मात्र एक सांगायचंय. मूळ अर्थाने अँटिबायोटिक म्हणजे सूक्ष्मजीवांनी तयार केलेलं, पेनिसिलिन बुरशीचं तसं. सल्फा, सिप्रोफ्लॉक्सासिन ही कारखान्यात बनवलेली रसायनं, तरी नियम त्यांनाही लागू. त्यामुळे नियमांच्या मजकुरात 'जिवाणूविरोधी औषधे' लिहावं. 'जिवाणूनाशक' नको, कारण डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं मुख्यतः जिवाणूंची वाढ थांबवतात, आणि 'जंतुनाशक' तर अजिबात नको, ते फरशी पुसायचं पण असतं! शिवाय 'जंतू' म्हटलं की व्हायरसही आलेच, ज्यांच्यावर ही औषधं चालतच नाहीत, मग साध्या सर्दीलासुद्धा लोक स्ट्राँग गोळी मागतात, आणि डॉक्टरही कधीकधी देऊन टाकतात.

---

पटलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या औषधांचे ॲक्सेस (आधी वापरायची), वॉच (रेझिस्टन्सचा धोका जास्त म्हणून जपून वापरायची), रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून ठेवायची) असे तीन गट केले, ते मराठीत कसे आणायचे? रिझर्व्हला 'राखीव' छान बसतं (कोलिस्टिन, लिनेझोलिड त्यातच). ॲक्सेसला 'सुलभ' नको वाटतं, कुणीही कधीही घ्यावं असा अर्थ निघतो, अमॉक्सिसिलिन त्या गटात असलं तरी चिठ्ठी लागतेच. 'प्रथम पसंती' कसं वाटतं? अझिथ्रोमायसिन, सेफ्ट्रायॅक्झोन ज्यात येतात त्या वॉचला मी 'दक्षता गट' म्हणेन, याहून बरा शब्द असेल तर सांगा.