गायकाच्या आवाजाला घुमारा किती द्यावा?

धागालेखक:
अलीकडच्या अनेक भावगीतांच्या आणि अभंगांच्या मिक्सिंगमध्ये आवाजाला इतका रिव्हर्ब (यंत्राने दिलेला घुमारा) दिलेला असतो, की दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत शब्द ओळखण्याचा प्रयत्नच सोडून द्यावा लागतो. माझे स्पष्ट मत असे, की मराठी गाण्यात घुमाऱ्याचा विचार व्यंजनांपासून सुरू झाला पाहिजे. ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘बार’ आणि ‘भार’ यांतला भेद सेकंदाच्या काही शतांश भागांत संपणाऱ्या श्वासाचा असतो, आणि आधीच्या अक्षराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, त्या जागेवर पसरली की तो बुजतो. शिवाय आपले विभक्तिप्रत्यय शब्दाच्या अखेरीस येतात आणि नेमका तिथेच गायक बहुधा आवाज उतरवतो. मग ‘देवाने’ की ‘देवाला’, हे श्रोत्याने संदर्भावरून ताडायचे.

प्रतिसाद १:
असहमत. कोरडा आवाज वाद्यांपासून तुटलेला, वरून चिकटवल्यासारखा वाटतो, आणि भावगीतातला जिव्हाळा त्याने हरवतो. दोष घुमाऱ्याच्या मात्रेत नसून मांडणीत असतो. चाळीसएक मिलिसेकंदांचा प्री-डिले (मूळ आवाज आणि घुमारा यांच्यामधली उसंत) ठेवल्यास मूळ व्यंजन आधी कानावर पडते आणि घुमारा मागून येतो. रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातून 300 हर्ट्झच्या खालचा आणि 7000 हर्ट्झच्या वरचा भाग कापला, तर गढूळपणा आणि ‘स’चा फवारा दोन्ही कमी होतात. शब्द दबतात ते बरेचदा हार्मोनियम आणि व्हायोलिन यांनी 2000 ते 4000 हर्ट्झची पट्टी व्यापल्यामुळे. तिथे वाद्यांची पातळी थोडी उतरवावी.

धागालेखक:
वाद्यांविषयीचा मुद्दा मान्य आहे. प्री-डिलेचा उपाय मात्र विलंबित गाण्यापुरताच पुरतो. मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत एक मात्रा 750 मिलिसेकंदांची होते. त्यात चार अक्षरे बसवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 187 मिलिसेकंद येतात. दोन सेकंदांचा रिव्हर्ब म्हणजे, विरत जाणारी का होईना, मागची दहा अक्षरे एकाच वेळी हवेत असतात. चाळीस मिलिसेकंदांची उसंत तिथे काय करणार?

प्रतिसाद २:
बहुतेक श्रोते मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकतात, हेही ध्यानात घ्यावे. हेडफोनवर डाव्या-उजव्या बाजूंना पसरलेला घुमारा मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र मिसळल्यावर, थेट आवाजावर येऊन बसतो.

प्रतिसाद १:
द्रुत लयीचे गणित मला पटले. अशा ठिकाणी लांब रिव्हर्बऐवजी लयीशी जुळवलेला डिले (ठरावीक अंतराने येणारा प्रतिध्वनी) घ्यावा आणि त्यावर मूळ आवाजाने चालणारा कॉम्प्रेसर (पातळी आपोआप दाबणारे साधन) लावावा, म्हणजे गायक गात असताना प्रतिध्वनी दबतो आणि ओळ संपल्यावर वर येतो. तरीही आलापीच्या जागा कोरड्या ठेवणे मला अन्यायाचे वाटते. तिथे शब्द नसतात आणि स्वराला अवकाश लागतो.

धागालेखक:
आलापीला हवा तेवढा घुमारा द्यावा, माझी हरकत नाही. त्यासाठी सेंडचे, म्हणजे रिव्हर्बकडे किती आवाज पाठवायचा त्या मात्रेचे, ऑटोमेशन (आपोआप होणारे चढउतार) ओळीगणिक लिहावे लागेल आणि तो वेळ खर्चण्याची तयारी हवी. पन्नास वेळा गाणे ऐकलेल्या आपल्या कानांना शब्द पाठ झालेले असतात, त्यामुळे ते न ऐकताही ऐकू येतात. म्हणून मी गाणे अपरिचित माणसाला एकदाच, मोबाइलवर ऐकवतो आणि ऐकलेले शब्द लिहून घ्यायला सांगतो. ज्या ओळीत तो अडखळतो, त्या ओळीचा सेंड मी उतरवतो, मग घुमारा कितीही सुंदर असो.