३५ हजारात ग्राफिक्स कार्ड: ८ जीबी मेमरीचं घ्यावं का १६ साठी ताणावं?

भटक्या_९५:
नमस्कार मंडळी. रायझन ५ ३६०० सीपीयू, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. सध्याचं जीटीएक्स १६५० कार्ड आता पुरत नाही. बजेट ३५ हजार, अगदीच ताणलं तर ३८. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० (८ जीबी) आरामात बसतंय, एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीला ताणावं लागतंय. डीएलएसएसमुळे (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून गेमचा वेग वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) माझा कल ५०६० कडे आहे. कार्ड चार वर्षं तरी चालवायचंय.

कोल्हापुरी_गेमर:
चार वर्षं चालवायचंय आणि ८ जीबी घेताय? नका घेऊ हो. २०१६ ला आरएक्स ४८० मधे ८ जीबी मिळत होती, तेवढीच आज परत विकतायत. आणि तुमच्या बोर्डाचं कुणी बघतच नाही. बी४५० म्हणजे पीसीआयई ३.० (बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या मार्गाची जुनी आवृत्ती), ५०६० ला त्या मार्गाच्या लेन फक्त आठ. मेमरी भरली की डेटा सिस्टीम रॅममधे जातो आणि तिथून कार्डाकडे यायला रस्ता सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा, कार्डाची स्वतःची मेमरी मात्र ४४८ नी धावते, मग गेम अडखळणारच, सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) कितीही छान दिसू दे. ९०६० एक्सटीला सोळा लेन आहेत.

रेंडर_ताई:
अर्धंच सांगताय. १०८०पी ला टेक्स्चर सेटिंग अल्ट्रावरून हायवर आणलं की बहुतेक गेम ८ जीबीत बसतात, डोळ्याला फरकही कळत नाही. डीएलएसएस कितीतरी जास्त गेममधे आहे, एएमडीचं तसंच तंत्र एफएसआर ४ अजून तितकं पसरलेलं नाही. ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर प्रश्नच मिटला, एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सवर रेंडर जो वेग देतं तो एएमडीवर मिळत नाही. मी रोज हेच काम करते म्हणून सांगतेय.

कोल्हापुरी_गेमर:
ताई, ब्लेंडरचं मान्य, पण त्यांनी गेमिंगच विचारलंय ना. आणि ज्या फ्रेम जनरेशनच्या (मधल्या जादा फ्रेम कार्डानेच बनवणं) जोरावर ५०६० विकतात ते स्वतःच मेमरी खातं. जिथे त्याची खरी गरज तिथेच ८ जीबी संपते.

जुना_मुंबईकर:
एवढा खर्चच कशाला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड आरटीएक्स ३०६० १२ जीबी बघा. सोळा लेन, १२ जीबी, डीएलएसएस अपस्केलिंग पण चालतं. उरलेल्या पैशात रायझन ५६०० सीपीयू टाका, याच बोर्डात बसेल, फक्त आधी बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करा. १४४ हर्ट्झवर तुमचा ३६०० च आधी दमणार आहे.

रेंडर_ताई:
सीपीयूचं बरोबर, पण ३०६० आलं २०२१ ला, तेव्हाच्या कार्डांची तीन वर्षांची वॉरंटी संपलेली. क्रिप्टो मायनिंगमधे वापरलंय का हे वरून बघून कळत नाही. ज्याला एकदाच खर्च करायचाय त्याला हे सुचवू नका प्लीज.

भटक्या_९५:
ब्लेंडर नाही वापरत. व्हॅलोरंट सोडलं तर सगळं सिंगल प्लेअर, मोठे ओपन वर्ल्ड गेम. इंटेलचं बी५८० कार्ड चालेल का? १२ जीबी आहे आणि स्वस्त.

जुना_मुंबईकर:
३६०० वर नको. २०२५ च्या सुरुवातीलाच टेस्टमधे दिसलं होतं की जुन्या सीपीयूवर त्याचा ड्रायव्हर जास्त भार टाकतो. नंतर सुधारणा झाल्या, तरी आधी सीपीयू बदलणार असाल तरच बघा.

कोल्हापुरी_गेमर:
ओपन वर्ल्ड म्हणताय तर ९०६० एक्सटीच घ्या. बॉक्सवर १६ जीबी लिहिलंय ना नीट वाचा, याच नावाने ८ जीबीचं पण येतं आणि दुकानदार स्वस्त म्हणून तेच पुढे करतात. १६० वॅटचं कार्ड आहे, एसएमपीएस चांगल्या कंपनीचा असेल तर बदलायची गरज नाही.

रेंडर_ताई:
सिंगल प्लेअर असेल तर ठीक, १६ जीबी घ्या. पण ३८ च्या वर गेलं तर तिथेच थांबा. ५०६० घेऊन सेटिंग खाली आणणं परवडतं, कार्डासाठी हप्ते लावू नका.

कोल्हापुरी_गेमर:
हप्ते नकोतच. पण ३८ ला नाही मिळालं तर ५०६० वर उडी न मारता १६५० वर महिनाभर काढा, पुढच्या सेलची वाट बघा.