ए-३०४ चा लॅपटॉप किल्ली मागतोय

ए-३०४ (सकाळी ९:२०): सुप्रभात. कोणी कॉम्प्युटरवाले जागे आहेत का? ह्यांच्या लॅपटॉपवर निळा पडदा आलाय. 'बिटलॉकर रिकव्हरी' लिहिलंय आणि ४८ आकडी नंबर मागतोय. आधार नंबर टाकून बघितला, पुरत नाही 🙏

बी-१०१: ताई, हे हॅकर असतात. एक पैसा देऊ नका. आमच्या साडूंना असंच झालं होतं.

सी-५०४: काका, हॅकर नाहीत. बिटलॉकर विंडोजचंच आहे, डिस्कला कुलूप घालतं. काकू, पडद्यावर पैशांचं काही लिहिलंय का?

ए-३०४: नाही रे. 'की आयडी' आणि पुढे अक्षरं-आकडे.

सी-५०४: त्याचा फोटो काढून ठेवा. पहिली आठ अक्षरं कामाला येतील.

सेक्रेटरी: टँकर ११ नंतर येणार आहे. पाणी जपून वापरावे.

ए-२०२: कोपऱ्यावरच्या दुकानात फॉरमॅट करून देतात. अर्ध्या तासाचं काम.

सी-५०४: फॉरमॅट अजिबात नको!! काकांचे सगळे फोटो, पेन्शनची कागदपत्रं जातील. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी किल्लीशिवाय काही वाचता येत नाही. काकू, काल लॅपटॉपला कोणी हात लावला होता?

ए-३०४: हळू चालतोय म्हणून एकाला बोलावलं होतं. त्याच्या पेनड्राइव्हवरून सुरू होईना, मग सुरुवातीलाच कुठलंतरी बटण दाबून आत गेला आणि काहीतरी बंद केलं. ४०० रुपये घेऊन गेला.

सी-५०४: सापडलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट बंद करून ठेवलं असणार. अनोळखी सॉफ्टवेअरवरून लॅपटॉप सुरू होऊ न देणारी सोय ती. मदरबोर्डवर टीपीएम नावाची चिप असते, किल्ली तिच्या ताब्यात. लॅपटॉप सुरू होताना सगळं नेहमीसारखं दिसलं की ती गुपचूप किल्ली देते, म्हणून कुलूप आहे हे तुम्हाला कधी कळलंच नाही. सिक्युअर बूट बंद दिसलं की ती तोंड मिटून बसते. आपल्या रात्रीच्या वॉचमनसारखं, नवी गाडी घेतली की मालकालाही गेटवर थांबवतो.

बी-१०१: आपला वॉचमन रात्री झोपलेला असतो.

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगमध्ये घेऊ.

सी-५०४: काकू, लॅपटॉप सेट कोणी केला होता? ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने केला, त्या खात्यात ते ४८ आकडे, म्हणजे राखीव किल्ली, बहुधा असतील.

ए-३०४: मुलाने, टोरांटोहून आला होता तेव्हा. आत्ता तिकडे मध्यरात्र, फोन सायलेंटवर.

सी-५०४: मग त्याला झोपू दे. मी येतो, आधी सिक्युअर बूट परत चालू करून बघू.

ए-३०४ (१०:२५): झालं!! किल्ली न विचारताच उघडला. पोरगा पोहे न खाताच पळाला.

सी-५०४: कॉल होता काकू, पोहे राखून ठेवा. बाकीच्यांनी एवढ्यावर जाऊ नका, दरवेळी हे जमत नाही. मदरबोर्ड बदलला तर ४८ आकड्यांना पर्याय नाही. बायोस अपडेट करायचं असेल तर आधी बिटलॉकर 'सस्पेंड' करायचं, म्हणजे तात्पुरतं थांबवायचं. २०२४ च्या जुलैमधल्या विंडोज अपडेटनंतर तर काही न करताही हा पडदा काही मशिन्सवर आला होता.

बी-२०३: मी आत्ता बघितलं, माझ्याकडे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' ऑन आहे, म्हणजे हेच कुलूप ना? मी कधीच लावलं नव्हतं!

सी-५०४: नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बरेचदा आपोआप लागतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर आणखी जास्त मशिन्सवर. बंद करू नका, लॅपटॉप चोरीला गेला तर हेच वाचवतं. फक्त खात्यात जाऊन किल्ली आहे ना ते आजच बघा. एकापेक्षा जास्त असतील तर की आयडीची आठ अक्षरं जुळवायची.

सी-३०१: म्हणून मी लिनक्स वापरतो 😎

सी-५०४: दादा, गेल्या महिन्यात लुक्सचा, म्हणजे लिनक्सच्या डिस्क-कुलुपाचा, पासफ्रेज चुकतोय म्हणून रात्री १ वाजता फोन कोणाचा होता? कीबोर्ड लेआउट बदलल्यामुळे चिन्हं भलतीच उमटत होती.

सी-३०१: 🤐

ए-३०४ (सायं. ६:४०): मुलाने खात्यातून पाठवली. ही घ्या, आठ गटांत सहा-सहा आकडे. [फोटो]

सी-५०४: काकू, तो फोटो डिलीट करा! 'सर्वांसाठी डिलीट' दाबा. लॅपटॉप हातात नसेल तर तिचा कोणाला उपयोग नाही, पण ग्रुपवर किल्ली टाकायची नसते.

ए-३०४: केला. आता कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवते.

सी-५०४: बॅगेत नको 😭

ए-३०४: मग ह्यांच्या एलआयसीच्या फायलीत. ती चोरही उघडणार नाही.

बी-१०१: साडूंना विचारलं. त्यांनी फॉरमॅटच केला होता.