मदत हवी आहे: एफवाय (पहिल्या वर्षाच्या) बीसीएच्या सी प्रॅक्टिकलसाठी नियमपत्रक

तासिकेवर

नमस्कार मंडळी,

एफवाय बीसीएच्या सी प्रोग्रामिंगच्या दोन बॅचेस तासिका तत्त्वावर माझ्याकडे आल्या आहेत. थिअरी २ क्रेडिट, प्रॅक्टिकल २ क्रेडिट. म्हणजे १५ आठवड्यांत थिअरीचे ३० तास आणि लॅबचे ६०. लॅब आठवड्यातून एकदा, सलग ४ तास. बॅचमध्ये २४ मुलं, चालू मशीन २०, सगळीकडे उबुंटू (लिनक्स) आणि जीसीसी हा सीचा कंपायलर. निम्म्याहून जास्त मुलांनी बारावीपर्यंत संगणक विषय घेतलेला नाही. काहींकडे घरी फक्त फोन आहे.

पहिल्याच लॅबला एक पानी नियमपत्रक हातात द्यायचं आहे. विभागातल्या जुन्या पत्रकात 'कॉपी केल्यास कडक कारवाई' एवढंच आहे. कारवाई कोणती आणि कोण करणार, याचा पत्ता नाही. तर प्रश्न असे: हजेरी कशी मोजावी, विशेषतः उशिरा प्रवेश मिळालेल्यांची? असाइनमेंट उशिरा आली तर घ्यावी का? जर्नल (प्रॅक्टिकलची वही) एकमेकांचं बघून उतरवतात, त्यावर उपाय काय? आणि चॅटजीपीटीबद्दल काय लिहावं?

जुनाखडू

आधी एक गोष्ट पक्की करा. अंतर्गत आणि बाह्य गुणांची विभागणी, पासिंग, एटीकेटी (काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याची सवलत) हे सगळं विद्यापीठाच्या अध्यादेशातून येतं, त्यात तुम्हाला हात घालता येत नाही. 'तीन लॅब चुकल्या की नापास' असा नियम छापलात तर पहिल्याच तक्रारीत तो रद्द होईल. तुमच्या हातात आहेत ते लॅबचे अंतर्गत गुण आणि जर्नलवरची सही, आणि ही सही छोटी गोष्ट नाही. सर्टिफाइड जर्नल नसेल तर मुलाला प्रॅक्टिकल परीक्षेला बसवत नाहीत. म्हणून सही कधी मिळेल आणि कधी नाही, हे पत्रकात सर्वांत ठळक लिहा. पत्रकावर विभागप्रमुखांची सही घ्या, एक प्रत सूचना फलकावर लावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याची पोच ठेवा.

हजेरीत टक्के लिहू नका, आकडा लिहा. १५ लॅबचे ७५ टक्के म्हणजे ११.२५, म्हणून १२ हव्यात, ३ चुकल्या तर चालतील. मुलांना टक्के समजत नाहीत असं नाही, पण 'तुझी एकच रजा उरली आहे' हे लगेच पोचतं. २०२४ पासून बीसीएचे प्रवेश सीईटी आणि कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांतून होतात, फेऱ्या लांबतात. त्यामुळे हजेरी प्रवेशाच्या तारखेपासूनच मोजा. पाचव्या लॅबला आलेल्या मुलासाठी ११ लॅब उरतात, त्यातल्या ९ हव्यात. मागच्या चार असाइनमेंट्समधल्या निवडक प्रोग्रामांचा एक जोडसंच त्याला द्या आणि तीन आठवड्यांची मुदत द्या. चारही असाइनमेंट्स पूर्ण करायला लावल्यात तर तो नक्की उतरवून आणेल.

रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर ७ दिवसांचं असतं, म्हणजे तुमची एक लॅब जाते. पत्र आणल्यास दुसऱ्या बॅचबरोबर बसू द्या. 'कमवा आणि शिका'मधल्या मुलांसाठीही तीच सोय ठेवा.

अर्धविराम

उशिराबद्दल: 'घेणारच नाही' हा नियम टिकत नाही, कारण शेवटी जर्नल पूर्ण करायला तुम्हीच सगळं घेता आणि मुलांना ते दुसऱ्या महिन्यात कळतं. त्याऐवजी प्रत्येकाला सत्रभरात दोन 'मुदतवाढी' द्या, एकेक आठवड्याच्या, कारण न विचारता. त्या संपल्या की १० पैकी वेळेचे २ गुण जातात, पण असाइनमेंट घेतली जाते. आजारपण, घरची अडचण यांवर मग वाद होत नाहीत आणि खोटी प्रमाणपत्रंही येत नाहीत.

उतरवण्याबद्दल: आता स्टॅनफर्डमध्ये असलेल्या ॲलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये तयार केलेली मॉस ही प्रणाली दोन प्रोग्राममधलं साम्य शोधते, व्हेरिएबलची नावं बदलली तरी ओळखते. पण पहिल्या सत्रात तिचा उपयोग नाही. मूळ संख्या तपासणारा १५ ओळींचा प्रोग्राम चोवीस जणांनी प्रामाणिकपणे लिहिला तरी तो सारखाच दिसणार. इथे साम्य हा पुरावाच नाही.

चालतं ते हे: समोर बसवून छोटा बदल सांगा. मूळ संख्येच्या प्रोग्रामला १ द्या. बऱ्याच जणांचा '१ मूळ संख्या आहे' म्हणेल. मग दुरुस्त करायला सांगा. उलटसुलट सारख्या संख्येच्या प्रोग्रामला ऋण संख्या द्या. तीन संख्यांतल्या सर्वांत मोठीला दोन समान संख्या द्या. स्वतः लिहिलेल्याला कुठे बोट ठेवायचं ते कळतं, मग दुरुस्ती अर्धवट का असेना. हे प्रश्नोत्तर मराठीत होऊ द्या. इंग्रजी अडखळतं म्हणून तर्क कच्चा असं होत नाही.

चॅटजीपीटी घरी वापरू नका असं लिहून काही होत नाही, तपासणार कसं? लॅबमध्ये बंद, घरी एरर समजून घ्यायला चालेल, आणि मदत घेतली असेल तर जर्नलमध्ये एका ओळीत लिहायची, एवढं पुरे. एआयने लिहिलं की माणसाने हे सांगणारी साधनं पुरावा म्हणून वापरू नका. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. न शिकवलेलं काही दिसलं, समजा दुसऱ्याच आठवड्यात पॉइंटर, तर शांतपणे विचारा, 'ही ओळ काढली तर काय होईल?'

लॅबकिल्ली

लॅबच्या बाजूने काही गोष्टी. काही मुलं घरून टर्बो सी या जुन्या कंपायलरवर लिहून आणतात आणि इथे चालत नाही म्हणून मशीनला दोष देतात. कॉनिओ हेडर आणि त्यातली क्लरस्क्रीन, गेटसीएच ही फंक्शन्स, हे लिनक्सच्या जीसीसीत मिळत नाही. शिवाय टर्बो सीत इंट (पूर्णांक ठेवण्याचा प्रकार) २ बाइटचा, म्हणून ८ चं फॅक्टोरियल ४०३२० तिथे चुकतं. इथे इंट ४ बाइटचा, १२ पर्यंत बरोबर येतं आणि १३ ला बिघडतं. पत्रकात 'उत्तर लॅबच्या जीसीसीवर चाललं पाहिजे' हे वाक्य हवंच. फोनवाल्यांना ऑनलाइन कंपायलर चालेल, तिथेही बहुधा जीसीसीच असतो.

कंपाइल करताना 'डॅश डब्ल्यू ऑल' हा इशारे दाखवणारा पर्याय पहिल्या दिवसापासून सक्तीचा करा आणि इशारे वाचायला लावा. स्कॅनएफमध्ये & विसरणं ही पहिल्या महिन्यातली नेहमीची चूक, इशारा आला तरी ती कंपाइल होते आणि चालवताना बहुधा 'सेगमेंटेशन फॉल्ट' देऊन प्रोग्राम बंद पडतो. वर्गमूळ वापरलं की गणिताची लायब्ररी जोडणारं 'डॅश एल एम' लावावं लागतं, नाहीतर लिंकर अडतो आणि मुलं हेडर तपासत बसतात.

चार मशीन कमी आहेत तिथे जोड्या करा: एक टाइप करेल, दुसरा सांगेल, दर ३० मिनिटांनी अदलाबदल. वेळ लावून बदला, नाहीतर ज्याला येतं तोच टाइप करतो आणि दुसरा बघत राहतो. फाइलचं नाव रोल नंबर आणि असाइनमेंट क्रमांक, जागा सर्व्हरवरचा फोल्डर. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत नको.

दिव्यांग विद्यार्थी असेल तर लेखी परीक्षेप्रमाणे लॅब टेस्टलाही तासामागे २० मिनिटं जादा द्या, हे पत्रकातच असू द्या म्हणजे मागावं लागत नाही. उबुंटूवर ओर्का हा स्क्रीन रीडर मोफत आहे. हेडफोनची सोय मात्र आधी करा.

तासिकेवर

मनापासून आभार. जर्नलचं काय करू? हाताने प्रोग्राम लिहायला लावतात, त्यातच तास जातो.

जुनाखडू

हाताने अल्गोरिदम आणि ड्राय रनचा (प्रोग्राम कागदावर ओळीओळीने चालवून बघण्याचा) तक्ता लिहू द्या, प्रोग्राम आणि आउटपुट प्रिंट. ड्राय रनमध्ये इनपुट म्हणून रोल नंबरचे शेवटचे दोन अंक वापरायला सांगा, म्हणजे प्रत्येकाचा तक्ता वेगळा येतो. बाहेरून येणारे परीक्षक सहसा हस्तलिखित काही आहे का एवढंच बघतात. तुमच्या विद्यापीठाने पूर्ण हस्तलिखित मागितलं असेल तर मात्र इलाज नाही.

तासिकेवर

कॉपीचा नियम असा लिहिला आहे: 'तपासणीच्या वेळी शिक्षक प्रत्येकाला प्रोग्राममध्ये एक बदल सांगतील. तो १० मिनिटांत न जमल्यास तोंडीचे ३ गुण मिळणार नाहीत. पुढच्या लॅबला एकदा पुन्हा संधी मिळेल.' चालेल?

अर्धविराम

पुन्हा संधी दिलीत हे उत्तम. पण २४ मुलं गुणिले १० मिनिटं म्हणजे २४० मिनिटं, तुमचे चारही तास तपासण्यातच जातील आणि शिकवायला वेळ उरणार नाही. सहा-सहा जणांना एकदम बदल द्या, शेजाऱ्यांना वेगवेगळे, आणि वेळ १५ मिनिटं करा, कारण टायपिंग अजून बसलेलं नाही. चार गट, एक तास. 'प्रत्येकाला' हा शब्द राहू द्या. निवडक मुलांनाच विचारलंत तर ज्याला विचारलं त्याच्यावर संशय घेतला असं होतं.